ऋणाग्र

एकतीस वर्षं मी परीक्षानळ्या धुतल्या.
पार्ल्याचं कॉलेज, मजला तिसरा,
बेसिनवर नळ दोन, त्यातला एक कायम गळका.

पाणी फोडायचं यंत्र कपाटात असे,
तीन नळ्यांचं, काचेचं,
किल्ली केळुसकर सरांच्या खिशात.
वर्षातून एकदा बाहेर निघायचं.
मुलं वाकून बघायची,
मी दाराशी, हातात बादली.
"सांभाळून हं मावशी, फुटलं तर पगारातून जाईल."
नाही फुटलं. एकदाही.

आता भांडुपला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर
लोणच्याची बरणी. हळदीचा डाग काही गेला नाही.
झाकणाला खिळा तापवून भोकं पाडली,
दोन पेन्सिली, दोन्ही टोकांना सोललेल्या,
सलाईनची नळी अक्काच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमधली,
आणि स्कूटरची जुनी बॅटरी, गॅरेजवाल्या अन्सारची.
"इन्व्हर्टर करताय?" त्याने विचारलं.
म्हटलं, हो.
खरं सांगितलं असतं
तर त्याने पैसे घेतले नसते, आणि बॅटरीही दिली नसती.

पहिल्या दिवशी मीठ घातलं.
चुकलंच. इतकी वर्षं दाराशी उभं राहून ऐकलं, तरी चुकलं.
घरभर तरणतलावाचा वास,
डोळे चुरचुरले, खिडक्या सताड उघडल्या,
अक्का नाकाला पदर लावून गॅलरीत:
"रिटायर झाल्यावर लोक विपश्यनेला जातात गं."

दुसऱ्या दिवशी धुण्याचा सोडा.

आधी काहीच नाही.
मग पेन्सिलीच्या अंगावर
घामोळं उठावं तसे बुडबुडे.
धनाग्राशी तुरळक,
श्रीमंताघरच्या वाढण्यासारखे, मोजून मापून.
ऋणाग्राशी मात्र उतू चाललेलं दूध.

दोनास एक.
सर फळ्यावर लिहायचे, मुलं उतरवून घ्यायची,
मी पुसायची.
धनापाशी एक, ऋणापाशी दोन.
जिथे उणं लिहिलंय तिथेच दुप्पट सुटतं,
हे मला कुणी कधी सांगितलं नाही.
(सांगितलं असेल.
माझा नळ चालू असेल.)

निरोपाच्या दिवशी मिळालं ते:
शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ,
उपप्राचार्यांचं भाषण, त्यात माझं आडनाव चुकलेलं.
परीक्षानळी मात्र मी स्वतः घेतली.
नोंदवहीत लिहिलं: एक नग, फुटला.
पैसे पगारातून गेले. हिशेब चोख.

तीच ही.
फडक्याने आतून पुसलेली, कोरडी करकरीत,
उपडी धरली सलाईनच्या टोकावर.
दिसत काहीच नाही.
रिकामी नळी आणि भरलेली नळी
सारखीच दिसते, हीच तर गंमत.
मनात साठ आकडे मोजले.
शेगडीचा कॉक बंद, बरणी लांब सरकवलेली,
अक्काच्या हातात काडी, कारण माझा हात थरथरत होता.

टुप्प.

कुत्र्याच्या पिल्लाने
झोपेत एकदाच भुंकावं, तेवढंच.

"झालं?" अक्का म्हणाली. "एवढ्यासाठी चार दिवस ओटा अडवलास?"
"एवढ्यासाठीच."
ती गप्प. कुकरच्या शिट्ट्या वरच्या मजल्यावर.
मग काड्यापेटी हलवून, आत किती उरल्यात ते ऐकत:
"परत कर."

अकरा वेळा केलं.
खालच्या मजल्यावरून सेक्रेटरी वर आले, खांडेपारकर,
आवाज कसला म्हणून.
अक्का म्हणाली, जुना फ्रिज आहे, कुरकुरतो.

रात्री भांडी आवरताना तिने नळी दिव्यासमोर धरली.
आत धुकं होतं.
थेंब म्हणण्याइतकंही नाही,
काचेने नुसता श्वास धरून ठेवावा तसं.

"ओली आहे ही. नीट पुसली नाहीस."

मी हो म्हटलं.
नळी तिच्या हातातून घेतली,
न धुता ठेवली,
चमच्यांच्या स्टँडमध्ये, तोंड खाली करून.